एक गाडी मानीबाईची, एक रुपीबाईची

कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या आमच्या जिनिंगमध्ये एकेकाळी चार खरं होती, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. फाटकावर अन्सार. त्याचं खरं त्याच्या डोक्यात: कोणता ट्रॅक्टर, कोणती बैलबंडी, कोणत्या बैलाचं शिंग मोडकं. वजनकाट्यावर घनश्याम. त्याचं खरं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात. गाठी दाबणाऱ्या प्रेसवाल्यांचं खरं भिंतीवर खडूनं लिहिलेलं, पाऊस तिरपा आला की पुसून जाणारं. आणि चौथं माझं. मी गाठी ट्रकमध्ये चढवून रवाना करायचो, आणि किती गेल्या ते माझ्या शर्टाच्या खिशात असायचं. धुवायला टाकताना बायकोनं खिसा तपासला तर ठीक, नाहीतर त्या दिवशीचा माल गेला नदीत.

शेटजी संध्याकाळी विचारायचे, "आज काय झालं?" चौघं चार उत्तरं द्यायचो. शेटजी त्यातलं जे गोड वाटेल ते धरायचे आणि घरी जायचे. असा आमचा कारभार होता आणि तो वर्षानुवर्षं चालला, म्हणून आम्हाला तो चांगला वाटायचा.

तो मोडला साधना मुनेश्वर नावाच्या मुलीनं. आज ती लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीची सगळी माहिती सांभाळते, हाताखाली माणसं आहेत, आणि तिकडची पोरं तिला मॅडम म्हणतात. मी अजून साधनाच म्हणतो. ती मला काका म्हणते, आणि भेटली की माझ्या खिशाकडे पाहून हसते. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण तिच्या हुशारीचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, पण ती ज्या एका हंगामानं घडली त्या हंगामाबद्दल कुणी बोलत नाही.

हंगाम दोन हजार चार-पाचचा. आमचं जिनिंग बाभुळगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. ती वर्षं कापसाची वाईटच होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. सरकारी खरेदीचा भरवसा राहिला नव्हता, आजूबाजूच्या जिनिंगना एकामागून एक कुलपं लागत होती. आमचं चालू होतं ते कोइम्बतूरच्या एका सूतगिरणीच्या भरवशावर. ती गिरणी आमची रुई घ्यायची, पण तिला नवीन हौस सुटली होती. कोणती गाठ कोणत्या कापसाची, ते विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे, म्हणे. शेटजींनी घाईघाईनं कंप्युटर आणला. आणला खरा, पण लावणार कोण? तो ऑफिसात कापडाखाली झाकून, वर हळदीकुंकू वाहून ठेवला होता. अन्सार येता-जाता त्याला सलाम करायचा.

मग अंगणात कापूस साफ करणाऱ्या बायांमधली कांताबाई एक दिवस शेटजींसमोर उभी राहिली. "माही पोरगी लावते ते," एवढंच म्हणाली.

कांताबाईचा नवरा धर्मपाल हा सरकारी खरेदी केंद्रावर हमाल होता. साधना आठवीत असताना गेला. कांताबाईनं कापसाच्या ढिगाशी बसून पोरीला शिकवलं. साधना एसटीनं यवतमाळला जाऊन बी.कॉम. झाली, एमएस-सीआयटी झाली, आणि नोकरीसाठी अर्ज करून करून दमली होती. तिनं कापड बाजूला केलं, हळदीकुंकू अलगद पुसलं, बटण दाबलं, आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो.

पण तिनं आधी कंप्युटरला हातच लावला नाही फारसा. हंगामाच्या तोंडावर ती आमच्या एकेकाजवळ येऊन बसली. अन्सारजवळ फाटकावर बसली, घनश्यामजवळ काट्यावर बसली, प्रेसवाल्यांचा खडू हातात घेऊन पाहिला. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुमचा खिसा दाखवा." मी चिडलो. माझ्या खिशात बिडीपण होती. पण जिच्यावर रागवावं अशी ती मुलगीच नव्हती. प्रश्न विचारायची आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहायची. हे मोठ्या मोठ्या साहेबांना जमत नाही.

मग तिनं एकच गोष्ट केली. काट्यावर घनश्याम गाडीची जी चिठ्ठी करायचा, तिची एक प्रत त्या गाडीच्या कापसासोबतच फिरू लागली. कापूस अंगणात ओतला की ढिगात एक काडी रोवायची, काडीला चिठ्ठी. ढीग जिनात गेला की चिठ्ठी जिनात. गाठ बांधली की चिठ्ठीचा नंबर गाठीवर. अन्सारनं, घनश्यामनं, प्रेसवाल्यांनी, मी, सगळ्यांनी तोच एक नंबर वापरायचा. संध्याकाळी ती सगळं कंप्युटरात भरायची. एवढंच. पण महिन्याभरात असं झालं, की गिरणीचा फोन आला आणि कोणत्याही गाठीची विचारणा झाली की साधना फोनवाल्याला "थांबा" म्हणायची आणि त्याला एक शिंक येऊन जायच्या आत सांगायची: अमुक गाव, अमुक दिवस, अमुक वाण. शेटजींची छाती फुगायची. पाहुणे आले की ते साधनाला मुद्दाम प्रश्न विचारायचे. घनश्याम तर म्हणायचा, "आता हे पोरगी जे म्हनन तेच." आणि खरंच तसं झालं. आमची चार खरं जाऊन एक खरं आलं आणि ते तिच्या टेबलावर बसलं.

फक्त एक गोष्ट ती लिहीत नव्हती. कोणत्या गाडीचा कापूस कोणत्या टोळीनं साफ केला, ती.

हे जरा समजावून सांगतो. कापूस अंगणात ओतला की बाया त्याच्याभोवती बसतात आणि पालापाचोळा, पिवळी पडलेली कवडी, केस, दोरे वेचून काढतात. आमच्याकडे दोन टोळ्या होत्या. एक मानीबाईची, एक रुपीबाईची. मजुरी गाडीमागे मिळायची, त्यामुळे एक गाडी मानीबाईला, पुढची रुपीबाईला, पुन्हा मानीबाईला, असा क्रम. हा क्रम अन्सार फाटकावरून ओरडून सांगायचा आणि तो चुकला असता तर बायांनी त्याची दाढी उपटली असती. साधनानं अन्सारला विचारलं होतं, "पहिली गाडी कुणाकडे?" तो म्हणाला, "मानीबाई. बुजुर्ग है ना." मग तिनं कंप्युटरला सांगून ठेवलं: विषम नंबर मानीबाई, सम नंबर रुपीबाई. दोनदा लिहायचं कशाला? मीही मान डोलावली होती. कुणीही डोलावली असती.

जानेवारीत कोइम्बतूरहून पाकीट आलं. आत पांढरे प्लॅस्टिकचे दोरे होते, बारीक, सुतासारखेच. आमच्याकडे कापूस खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून आणतात, त्या पोत्यांचे दोरे. ते रुईत गेले की कापडात जातात, आणि कापड रंगवलं की त्या जागी रंगच चढत नाही. गिरणीनं गाठींचे नंबर पाठवले होते आणि सरळ लिहिलं होतं: पुन्हा असं आलं तर तुमचा माल बंद. माल बंद म्हणजे आमच्याही फाटकाला कुलूप, हे कळायला कोइम्बतूरचं इंग्रजी वाचावं लागत नव्हतं.

शेटजींनी पाकीट साधनाच्या टेबलावर ठेवलं. "देख, किसका है."

मी तिथेच होतो. तिनं गाठींवरून चिठ्ठ्यांचे नंबर काढले. गावं वेगळी होती, दिवस वेगळे होते, वाण वेगळे होते. नंबर मात्र जवळजवळ सगळे विषम. तिनं पुन्हा काढले. मग उठली, माठातलं पाणी प्याली, आणि दारात उभी राहून अंगणाकडे पाहत राहिली. तिकडे मानीबाईची टोळी बसली होती आणि त्या टोळीत, नेहमीच्या जागी, कांताबाई.

मला वाटलं ती शेटजींना म्हणेल, शोधते, वेळ लागेल. चार दिवस टोलवलं असतं तर मीही समजून घेतलं असतं. पण ती आत गेली आणि म्हणाली, "शेटजी, मानीबाईच्या टोळीचा माल आहे."

शेटजींनी त्याच दिवशी टोळीला घरी बसवलं. पुढचा निरोप येईपर्यंत यायचं नाही. मानीबाई तोंडाची फाटकी बाई. तिनं अंगण डोक्यावर घेतलं. "आमच्या हाताखालून केस निसटत नाई अन् दोरे निसटतीन? कोन म्हनते? तो डब्बा म्हनते? त्याले बसवा इथं वेचाले!" बाकीच्या बायाही उठल्या. कांताबाई मात्र ओरडली नाही. तिनं साधनाकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर झटकला, कापूस उडाला थोडा, आणि म्हणाली, "पोरगी म्हनते तं असन." जेवणाचा डबा उचलून चालू लागली.

गावात साधनाचा भाव एकदम वाढला. सख्ख्या मायचं तोंड पाहिलं नाही पोरीनं, असं पानठेल्यावर घनश्याम सांगत होता. शेटजी म्हणाले, ऐसी इमानदारी पैदा नहीं होती. मलाही अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. एवढं सरळ कुणी असू नये असं वाटलं. मी तिला चहाच्या वेळी विचारलं, "घरी काय म्हनते माय?"

"काईच नाई म्हनत, काका," ती म्हणाली. "डबा करून देते. भांडली असती तं बरं झालं असतं."

रुपीबाईची टोळी आता सगळ्या गाड्या घेत होती. त्या बायांना मजुरी जास्त मिळत होती, पण चेहरे काही आनंदी दिसत नव्हते. दोन टोळ्यांमधली कुचकी थट्टा हीच त्यांची निम्मी करमणूक होती, ती बंद पडली होती.

आणि एके सकाळी उकंडा आला.

उकंडा हा जवळच्याच गावचा, म्हातारा, धोतर-टोपीतला माणूस. हंगाम सुरू झाला त्या दिवशी आमच्याकडे काटापूजन झालं होतं. काट्याला हार, नारळ, आणि पहिली बंडी ज्याची त्याला शेला-श्रीफळ. ते उकंडाला मिळालं होतं आणि फोटोही काढला होता. तो फोटो मागायला तो आला. नातीला दाखवायचा होता.

"नाव सांगा, बावाजी," साधना म्हणाली. तिनं कंप्युटरात पाहिलं. "तुमचं नाव तं नाई यात."

"नाई कसं? पैलीच बंडी माही."

"पैली बंडी दुसऱ्याची हाय. हे पाहा, एक नंबर, ट्रॅक्टर, कोपरा गावचा."

उकंडानं कंप्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बावा, शेला घातला मले, नारळ देल्ला, माह्या बैलाले कुंकू लावलं. अन् हे म्हनते मी आलोच नाई?"

मी हसलो. साधना हसली नाही. ती मुहूर्ताच्या दिवशी काट्याजवळ नव्हती. त्यांच्या घरात पूजाअर्चा नाही, त्यामुळे "तुम्ही करा, मी इथं आहे," म्हणून ती ऑफिसात वायरी जोडत बसली होती. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आता ती उठून काट्यावर गेली, मी आणि उकंडा मागोमाग.

"घनश्यामभाऊ, मुहूर्ताच्या बंडीची चिठ्ठी कुठं हाय?"

घनश्यामनं लक्ष्मीच्या फोटोमागून ती काढली. कुंकवाची बोटं लावलेली. नंबराच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: श्री.

"नंबर?" साधना म्हणाली.

"मुहूर्ताच्या चिठ्ठीले नंबर देत असतात काय?" घनश्यामला प्रश्नच कळला नाही. "ते लक्ष्मीची. तिथं श्री लिवाचं असते. एक नंबर तिच्या मागच्या गाडीपासून. माह्या बापानंबी असंच लिवलं. तो कापूसबी वेगळाच ठेवते कोपऱ्यात, शेवटच्या दिवशी जिनात टाकाचा."

साधना तिथूनच फाटकाकडे वळली. "अन्सारभाई, मुहूर्ताची बंडी कोणत्या टोळीनं घेतली?"

"मानीबाई. बताया था ना तुमको, पहिली गाडी मानीबाई."

"अन् तिच्या मागची?"

"रुपीबाई. फिर मानीबाई. एकबी बार चुका नहीं मैं."

तो चुकला नव्हताच. घनश्यामही चुकला नव्हता. दोघांनी तिला खरंच सांगितलं होतं. पण अन्सारची पहिली गाडी म्हणजे उकंडाची बंडी, आणि घनश्यामचा एक नंबर म्हणजे त्या बंडीच्या मागचा ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर रुपीबाईकडे गेला होता. म्हणजे विषम नंबर सगळे रुपीबाईचे, सम नंबर मानीबाईचे. सगळा हंगाम कंप्युटरात उलटा बसला होता. आणि त्या उलट्या हिशेबावर मानीबाईची टोळी घरी बसली होती.

साधना फाटकाजवळच्या दगडावर बसली.  मला तिची दया आली आणि मी शहाणपण शिकवायला गेलो.

"हे पाह्य पोरी," मी म्हणालो, "आता तू उठून सांगशील की मायची टोळी निर्दोष हाय, दुसरी टोळी दोषी हाय. कोन मानन? परवा तुले डोक्यावर घेऊन नाचले, तेच म्हनतीन की मायसाठी फिरवलं. त्यापेक्षा गप राह्य. शेटजीले म्हन, झाली शिक्षा, बोलवा त्यायले परत. टोळी येईन, काम चालू होईन. कोनाले काई कळनार नाई."

  उकंडा बिचारा खांद्यावरच्या त्याच शेल्याचं टोक चाळवत उभा होता, आपण काय केलं हे न कळून.

"काका, मंग त्यात काय ठेवू मी?" ती म्हणाली. "मानीबाई परत येईन. पण त्यात तं तेच राहीन ना, का दोरे तिच्या टोळीनं सोडले. रोज उघडीन मी ते. उद्या पुन्हा पाकीट आलं तं पुन्हा तिचंच नाव निघन." मग जरा थांबून म्हणाली, "अन् माह्या मायचं."

 माझ्या खिशातल्या कागदांना असली अडचण कधी आली नव्हती, ते धुऊन निघायचे.

तिनं शेटजींना अंगणात बोलावलं. चहाची वेळ होती, सगळे होते. रुपीबाईची टोळी ढिगाजवळ बसली होती. साधना मधे उभी राहिली आणि सांगितलं: श्री कुठं लिहिलं, एक कुठून धरला, आपण काय गृहीत धरलं. कुणावर ढकललं नाही. घनश्याममुळे, अन्सारमुळे, असा शब्दही काढला नाही. "टोळीचं नाव मी चिठ्ठीवर लिहून घ्याला पाह्यजे होतं. नाई घेतलं. मनानंच धरलं. चूक माही हाय," म्हणाली. 

मी म्हणालो होतो तसंच झालं. रुपीबाई कमरेवर हात ठेवून उठली. "वा गं वा. मायले घरी बसून दिवस झाले तं डब्बा उलटा झाला! आता आमी चोर?"

 शेटजी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. मला वाटलं, संपलं. सांगून सांगून ही पोरगी काय सिद्ध करणार? कागदावर तर काहीच नव्हतं, तीच तर चूक होती.

तेवढ्यात उकंडा पुढे आला. "माही बंडी त्या मोठ्या आवाजाच्या बाईनं खाली केली बावा," तो म्हणाला. "ह्या बाईनं नाई. हे बाई तं भांडून राह्यली होती तवा."

रुपीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं. तिचा हात कमरेवरून खाली आला. मी तिला त्या आधीही बरं म्हणत नव्हतो आणि नंतरही ती माझ्याशी गाठी मोजण्यावरून भांडलीच, पण त्या दिवशी तिनं जे केलं त्यासाठी मी तिला मानतो. ती म्हणाली, "हो. भांडली होती मी. मुहूर्ताची बंडी दरसाल मानीलेच काहून, म्हनून भांडली होती. पैली तिनंच घेतली. मांगचा ट्रॅक्टर मीच घेतला."

आणि खाली बसली.

शेटजींना निकाल झटपट हवा असतो. "तो फिर रुपीबाई की टोली घर जाएगी," ते म्हणाले.

"नाई शेटजी," साधना म्हणाली. "एकदा टेबलावर बसून मी मानसं घरी पाठवली. आता आधी जागेवर जाऊन पाहू."

ती रुपीबाईला म्हणाली, "मावशी, तुमी कुठं बसता ते दाखवा." रुपीबाईची जागा भिंतीकडची. आणि त्याच भिंतीशी हमाल पोती फोडायचे. तोंड सोडायचा कंटाळा, म्हणून विळ्यानं सरळ चिरायचे. चिरलेल्या पोत्याचे दोरे वाऱ्यानं रुपीबाईच्या ढिगावर येऊन पडत होते, वेचून झालेल्या कापसावरसुद्धा. साधनानं ओंजळभर गोळा करून शेटजींच्या हातात ठेवले. पोती दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवली, विळे काढून घेतले. कुणालाच घरी जावं लागलं नाही. कोइम्बतूरला तिनं स्वतः पत्र लिहिलं, कारण लिहिलं, उपाय लिहिला. गिरणीनं पुढचा माल घेतला.

पण ते नंतरचं. त्या दुपारी शेटजी मला म्हणाले, "जा, मानीबाईला बोलावून आणा, साधनाला घेऊन जा." आम्ही चालतच निघालो. मानीबाई दारातच भेटली. मी सगळं सांगितलं. तिनं आधी डब्याला, मग अन्सारला, मग घनश्यामच्या बापाला अशा तीन-चार शिव्या हासडल्या, मग साधनाच्या पाठीत एक धपका घातला आणि हसली. "येतो उद्या. साऱ्या येतो. पन कांता नाई येत."

"काहून?" साधनानं विचारलं.

मानीबाई हसायची थांबली. "तुले नाई सांगतलं तिनं? आमी ज्या दिवशी घरी आलो, त्याच दिवशी बसवलं तिनं आमाले साऱ्यांना. म्हने, तुमचा कोनाचा दोष नाई. माहे डोये गेले असतीन, मले आता बारीक दिसत नसन. दोरे माह्याच हाताखालून गेले. मी टोळीत येत नाई आता, तुमचं नाव खराब होते. आमी म्हनलं, अवं तुले तं आमच्याहून चांगलं दिसते. तं म्हने, नाई, माही साधना खोटं सांगत नाई."

साधना घराकडे वळली. मी जावं की नाही कळेना, पण पाय गेले.

कांताबाई ओसरीवर, उजेडाच्या बाजूला तोंड करून, सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. डाळ स्वच्छ होती. एकही खडा नव्हता. तरी ती एकेक दाणा बोटानं सरकवत होती, सूप अगदी डोळ्यांजवळ धरून. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला बसायला पोतं सारलं.

साधनानं उभ्यानंच सांगितलं. नंबर चुकला, चूक तिची होती, त्यांच्या टोळीचा माल साफ होता, सगळ्या गाड्यांचा, पहिल्यापासून. कांताबाईनं नंबराचं काही विचारलं नाही. शेटजी काय म्हणाले, रुपी काय म्हणाली, तेही नाही. ऐकून घेतलं सगळं. मग हळूच, जणू मोठ्यानं विचारलं तर उत्तर बदलेल अशा भीतीनं, विचारलं, "मंग माहे डोये बरे हायत?"

साधना तिथेच खाली बसली, मायच्या मांडीत तोंड घातलं आणि लहान मुलीसारखी रडली. "बरे हायत माय," ती म्हणत होती. "तुहे डोये बरे हायत."